जुनी पद्मिनी (१९८६): मूळ रूपात उभी करायची की जिप्सीचं इंजिन टाकायचं?

चोपडेकर८६

राम राम मंडळी. गाडी प्रीमियर पद्मिनी, १९८६ ची, पेट्रोल, हँड गिअर (लिव्हर स्टीअरिंगच्या दांड्यावर). चोपडा तालुक्यात शेतातल्या शेडमध्ये अकरा वर्षांपासून उभी. खाली शहाबादी फरशी आहे. वरून पाणी येत नाही, पण पावसाळ्यात उजव्या बाजूने झड येते. शेजारी दोन-तीन वर्षं खताच्या गोण्या आणि पऱ्हाटी रचलेली होती, काही गोण्या मागच्या सीटवरही. आरसी बुक वडिलांच्या नावावर, नंबर एमएच सुरू व्हायच्या आधीचा तीन अक्षरी. शेवटचं नूतनीकरण २०१६ पर्यंतचं. इंजिन अजून कोणी फिरवलेलं नाही.

घरात दोन मतं आहेत. एक, गाडी जशी कारखान्यातून आली तशी करायची. दुसरं, जिप्सीचं १२९८ सीसीचं इंजिन, पाच गिअरचा बॉक्स, पुढे डिस्क ब्रेक, १५ इंची अलॉय आणि एसी. बजेट तीन लाख, वेळ वर्षभराचा. वापर रोजचा नाही. महिन्यातून दोन-तीनदा जळगाव, लग्नसराई, आणि कधीतरी कन्नड घाट चढून संभाजीनगर.

निर्णय कुठून सुरू करायचा, कागदांत काय बसतं आणि आपल्याकडच्या ४४-४५ अंशात मूळ इंजिन टिकतं का, हे जाणकारांनी सांगावं.

पत्रा_आणि_टाका

भाऊ, इंजिनाचा विचार आत्ता बाजूला ठेवा. पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. बॉडी हीच चासी. पत्रा गेला असेल तर त्यात कोणतंही इंजिन टाका, पैसा वाया. पत्रा बरा असेल तर दोन्ही रस्ते उघडे राहतात. म्हणून पहिली तपासणी खालून.

गाडी लिफ्टवर घ्या, नाहीतर चार घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) चढवा. नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका. स्क्रू ड्रायव्हर, छोटी हातोडी, बॅटरी आणि लोहचुंबक एवढं पुरतं. चुंबकाला पातळ कापड गुंडाळा आणि दाराच्या खालचा भाग, मडगार्डच्या कडा, डिकीच्या खालची पट्टी इथे फिरवा. जिथे चुंबक धरत नाही तिथे आत पुट्टी आहे. पुट्टी दोन मिमीपर्यंत ठीक. त्याहून जाड असेल तर खाली एकतर ठोकर आहे किंवा भोक.

मग या जागा टोचून बघा: दाराखालच्या बंद पेट्या (सगळा भार यांच्यावर), जॅक लावायच्या जागा, पेडलखालची फरशी, बॅटरीचा ट्रे, डिकीत स्टेपनीचा खड्डा, आणि मागच्या पाट्यांच्या (पट्टीच्या स्प्रिंगांच्या) पुढच्या व मागच्या टोकाचे हँगर. हँगर जिथे बॉडीला जोडलाय तिथला पत्रा मऊ लागला तर ते काम पहिल्या क्रमांकाचं. पाटा सुटला तर गाडी रस्ता सोडते.

आपल्याकडची गंजाची तऱ्हा कोकणासारखी नाही. तिकडे खारी हवा सगळीकडून खाते. इथे हवा कोरडी, त्यामुळे छत, बोनेट, दाराचा वरचा भाग चांगला सापडतो आणि माणूस फसतो. इथे खाते ती काळी माती. पुढच्या मडगार्डच्या आत, हेडलाइटच्या मागे आणि दाराच्या बिजागरीच्या पुढे एक कप्पा असतो. चाकाने उडवलेली माती तिथे बसते आणि वर्षानुवर्षं थर चढतो. बाहेर पाऊस उघडून रस्ता पांढरा पडलेला असतो, पण हा गोळा पोळ्यापासून दिवाळीपर्यंत ओल धरून बसतो. पाण्याच्या प्रेशरने माती काढायला जाऊ नका, ती आणखी आत जाते. आधी वाकड्या पट्टीने कोरडी खरवडा, मग धुवा. खरवडताना गंजाच्या पापड्या मातीबरोबर हातात आल्या तर मडगार्डचा खालचा वीतभर भाग नवीन पत्र्याचा करावाच लागतो.

तुमच्या गाडीत दुसरी भीती खताची. युरिया आणि इतर खतं हवेतलं पाणी ओढतात. सांडलेले दाणे मॅटखाली विरघळले की आतून बाहेर गंज चालतो. सीट, मॅट, खालचं डांबरी आवरण सगळं काढा. पांढरट फुलोरा किंवा फुगलेलं डांबर दिसलं तर ते खरवडून साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन लगेच वाळवा. खत धुतल्याशिवाय वरून प्रायमर मारला तर वर्षभरात तो फुगून सुटतो.

आता मुख्य परीक्षा. चारही दारं लावून फटी मोजा. मग जॅक बाजूच्या पेटीखाली, जॅकच्याच जागेवर लावून एक चाक उचला. उचललेल्या बाजूचं दार उघडा-लावा. फट दोन-तीन मिमीने बदलली किंवा दार अडकायला लागलं तर पेट्या आतून गेल्या आहेत आणि बॉडी वाकते आहे. अशा गाडीत दुप्पट ताकदीचं इंजिन बसवण्याचा विचारच करू नये.

पेट्या बदलायच्या ठरल्या तर कापण्याआधी दाराच्या चौकटीत एक इंची चौकोनी पाइप आडवा-तिरपा टाक्यांवर धरून घ्या. दोन्ही बाजू एकदम कापू नका. हे केलं नाही तर बॉडी मधून बसते, नंतर दारं कधीच जुळत नाहीत, आणि दोष डेंटरला जातो. पत्रा सीआर (साधा) घ्या, जीआय (जस्त चढवलेला) नको. जीआयवर वेल्डिंग करताना जस्ताचा धूर छातीत जातो आणि टाका सच्छिद्र येतो. भाराच्या जागी १८ गेज, फरशी आणि मडगार्डला २० गेज. वेल्डिंग सीओटू (कार्बन डायऑक्साइड गॅसखाली तारेने होतं ते). गॅसने सलग ओढलं तर पत्रा लाटांसारखा होतो, आर्कने भोकं पडतात. एक इंचाचा टाका मारायचा, दूर जायचं, पहिला थंड होऊ द्यायचा, परत यायचं. सांध्याला आतून जस्ताचा प्रायमर, वरून सीलर, आणि सगळ्यात शेवटी बंद पेट्यांत पातळ मेणाचा फवारा. जुनं इंजिन ऑइल ओतू नका, ते रबर खातं आणि धूळ धरतं.

चासी नंबर असलेल्या भागाला ग्राइंडर लावायचा नाही. सगळ्यात आधी त्याचा पेन्सिल प्रिंट काढून आरसी बुकाशी ताडून बघा. इंजिन नंबरचाही.

आरसी_बुक

कागदांचं सांगतो, कारण तुमचा निम्मा निर्णय तिथेच होतो.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीत नोंदलेला तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलापासून वेगळा होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच स्पष्ट केलं. रंग बदलणं, किरकोळ फिटिंग चालतं. रंग आरसीवर असतो, म्हणून तो बदलला तर नोंद करून घ्यायची. दुसऱ्या कंपनीचं, वेगळ्या सीसीचं इंजिन यात बसत नाही. कलम १८२अ (४) प्रमाणे मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. त्याहून मोठा धोका विम्याचा. अपघात झाला आणि सर्व्हेअरने इंजिन नंबर वेगळा लिहिला की दावा अडकतो. तिसऱ्या माणसाला इजा झालेली असेल तर भरपाई तुमच्या गळ्यात येऊ शकते.

खराब इंजिनाच्या जागी त्याच मॉडेलचं, त्याच इंधनाचं इंजिन टाकणं वेगळं. त्याची नोंद होते, पण जुन्या इंजिनाचा कागद लागतो. म्हणून भंगारातून इंजिन घेताना बिल आणि मूळ गाडीच्या आरसीची प्रत घ्या. मान्यताप्राप्त सीएनजी किट चालतं. इलेक्ट्रिक किटही चालतं, पण त्या मॉडेलसाठी मान्यता असलेलं आणि अधिकृत केंद्रातून बसवलेलं हवं.

‘व्हिंटेज’ नोंदणीचा सल्ला कोणी दिला तर तो तुम्हाला लागू नाही. २०२१ च्या नियमांत पहिल्या नोंदणीला ५० वर्षं पूर्ण झालेली आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी लागते. तुमची २०३६ मध्ये तिथे पोचेल. नवीन व्हिंटेज नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. आणि तशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं एवढ्यापुरतीच. पण आज इंजिन बदललं तर २०३६ चा तो दरवाजाही बंद होतो, हे घरात नक्की सांगा.

आत्ता करायचं ते असं. वाहन पोर्टलवर तुमचा नंबर दिसतो का बघा. एमएचच्या आधीचे बरेच नंबर संगणकावर चढलेले नसतात. मग जळगाव कार्यालयात मूळ आरसी दाखवून बॅकलॉग नोंद करून घ्यावी लागते. नोंद दिसली की नूतनीकरणाचा फॉर्म २५. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांपुढच्या मोटारीची नूतनीकरण फी १०,००० रुपये झाली आहे. वर राज्याचा पर्यावरण कर, आणि केंद्राच्या नियमात उशिरापोटी दरमहा ५०० रुपये. २०१६ पासूनचा हिशेब मोठा होऊ शकतो, तेव्हा पत्र्याला हात लावण्याआधी कार्यालयातून आकडा लेखी घ्या. पीयूसीला जुन्या पेट्रोल मोटारीसाठी आयडलवर सीओ ३ टक्के आणि एचसी १५०० पीपीएम ही मर्यादा आहे. कार्ब्युरेटर नीट असेल तर मूळ इंजिन त्यात बसतं. शेवटी एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर पाटी.

तपासणीला गाडी स्वतःच्या चाकांवर जावी लागते. म्हणून ब्रेक, लाइट, वायपर, हॉर्न, टायर आधी. रंग नंतर आला तरी चालतं.

चोपडेकर८६

दोघांचे आभार. रविवारी गाडी चार घोड्यांवर घेतली. छत, बोनेट, चारही दारं चांगली. उजवी पेटी मागच्या निम्म्या भागात टोचली जाते, डावी टणक. ड्रायव्हरच्या पायाखाली तळहाताएवढं भोक. पाट्यांचे हँगर टणक. मागच्या सीटखाली पांढरा थर आहे, पण पत्रा शाबूत. दाराची फट उजवीकडे एक मिमीच बदलली. चासी आणि इंजिन दोन्ही नंबर आरसीशी जुळले.

इंजिन चालू करण्याआधी काय करायचं?

कोरा_कार्ब

गाडी वाचलेली आहे भो. अशी बॉडी आणि जुळणारे नंबर असतील तर मूळच ठेवा, हे माझं स्पष्ट मत.

स्टार्टर मारू नका. चारही प्लग काढा. प्रत्येक सिलिंडरमध्ये १०-१५ मिली ऑइल सोडा. गिअर ऑइल नको. साधं इंजिन ऑइल आणि थोडं डिझेल मिसळलेलं चालतं. दोन दिवस थांबा. मग क्रँकच्या पुलीच्या नटाला पाना लावून हाताने फिरवा. अडलं तर जोर न करता थोडं पुढे-मागे. रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असतात. चौथ्या गिअरमध्ये गाडी ओढून सुटी करायला गेलात तर रिंग तुटते किंवा कनेक्टिंग रॉड वाकतो. रॉकर कव्हर काढून बघा, पुली फिरवताना आठही व्हॉल्व्ह वर-खाली होतायत का. एखादा अडकलेला असेल आणि इंजिन जोरात फिरलं तर पुशरॉड वाकतो.

फिरलं की जुनं ऑइल काढा. चेंबर (इंजिनाखालची ऑइलची पेटी) उतरवून जाळी धुवा, तळाला काळी खळ बसलेली असते. नवीन २०डब्ल्यू५० ऑइल, नवा फिल्टर. प्लग न लावता स्टार्टरने ऑइल प्रेशर येईपर्यंत फिरवा, मगच प्लग लावा. पेट्रोलची टाकी उतरवून आत बॅटरी मारून बघा. जुनं पेट्रोल राळेसारखं होतं, ते इंजिनात जाऊ देऊ नका. पहिल्यांदा बाटलीतल्या ताज्या पेट्रोलवर चालू करा. क्लच दाबूनही गिअर पडत नसेल तर प्लेट फ्लायव्हीलला चिकटली आहे. क्लच दाबून धरून गरम इंजिनावर हलके झटके दिले की बहुतेक वेळा सुटते.

इंजिन तापल्यावर कॉम्प्रेशन घ्या. थ्रॉटल पूर्ण उघडा, चारही प्लग काढलेले. आकडा किती यापेक्षा चौघांतला फरक बघा. सगळ्यात वरच्या आणि खालच्यात १५ टक्क्यांहून जास्त फरक असेल तर कमी असलेल्यात चमचाभर ऑइल टाकून परत मोजा. वाढलं तर रिंगा-बोअर, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. १०८९ सीसीचं हे इंजिन, ६८ मिमी बोअर आणि ७५ मिमी स्ट्रोक, लेथवाल्यांच्या हाताखालचं. बोअर, रिंगा-पिस्टन, क्रँक घासून बेअरिंग हे काम जळगाव-धुळ्यात होतं. बाहेरून काही आणायचं तर मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर. लक्षात ठेवा, मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली, त्यामुळे सुट्या भागांचा ओघ आटतोय. दारांचे बीडिंग, हेडलाइटच्या रिंगा, बंपरचे कोपरे, काचेचं रबर दिसेल तेव्हा घेऊन ठेवा. इंजिनाचा माल त्यामानाने मिळतो.

आता उष्णतेचं. मूळ इंजिन आपल्या उन्हाळ्यात टिकतं. टिकत नाही ती पाण्याची वाट. चाळीस वर्षं विहिरीचं आणि बोअरचं जड पाणी ओतलेलं असतं. ब्लॉकच्या बाजूचे वेल्श प्लग (ठोकून बसवलेली गोल झाकणं) काढा, आत बघा. मागच्या सिलिंडरभोवती खडूसारखा थर आणि गंजाचा चिखल सापडतो, पाणी तिथे पोचतच नाही. रेडिएटर कितीही मोठा लावला तरी हे सिलिंडर तापणारच. वाकवलेल्या तारेने खरवडा, पाण्याच्या झोताने उलट दिशेने धुवा, पितळी वेल्श प्लग नवे बसवा. रेडिएटर नुसता रॉडिंग करण्यापेक्षा (नळ्या सळईने साफ करण्यापेक्षा) रिकोअर करा, म्हणजे आतला गाभाच नवा. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं. बोअरचं पाणी पुन्हा एक लिटरही नको.

थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला तुम्हाला दहा जण देतील. ऐकू नका. थर्मोस्टॅट नसला की पाणी रेडिएटरमधून घाईने निघून जातं, हिवाळ्यात इंजिन गारच चालतं, ऑइल काळं पडतं आणि बोअर झिजतो. घाटासाठी हवाच असेल तर विजेचा पंखा जादा लावा, सेन्सरवर चालणारा, फ्यूज आणि रिलेसकट. वरचं हेड अॅल्युमिनियमचं आहे. एकदा पाणी संपून तापलं की वाकतं. हेड उतरवलंच तर सरळपट्टी आणि फिलर गेजने तपासा. ०.०५ मिमीपर्यंत ठीक, त्यापुढे फेसिंग. नट मधून बाहेर, तीन टप्प्यांत आवळा. ५०० किमीनंतर थंड इंजिनावर पुन्हा.

पेट्रोल पंपावर आता ई२० (वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल) मिळतं, हे जुन्या गाडीला विसरून चालत नाही. इथेनॉल जुनं रबर फुगवतं, पंपाचा पडदा कडक करतं, आणि पाणी ओढून टाकीच्या तळाला गंज करतं. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत सगळा रबर होज इंधन-इंजेक्शनच्या दर्जाचा बदला, क्लिप नव्या. पंपाचा पडदा व्हायटॉनचा (इंधनाला टिकणाऱ्या रबराचा) मिळाला तर तोच. मिश्रण पातळ पडतं, म्हणून मेन जेट एक पायरी मोठा घेऊन प्लगचा रंग बघा. फिकट करडा-तपकिरी हवा, पांढरा नको. गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालवून बंद करा.

दुपारी थांबून दहा मिनिटांनी स्टार्ट होत नाही तो इंजिनाचा दोष नाही. पेट्रोलची वाफ होऊन पंपात अडकते. पंप आणि ब्लॉक यांच्यात जाड बॅकेलाइटचा ठोकळा, पाइप सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून दूर, पाइपावर उष्णतारोधक आवरण. ओलं फडकं गुंडाळणं हे तेवढ्यापुरतं.

जिप्सी_४१३

दुसरी बाजूही पूर्ण सांगायला हवी, नाहीतर घरातली चर्चा अर्धवट राहते. आरसी_बुक यांनी कायद्याचं सांगितलं ते मान्य. मी फक्त यंत्राचं सांगतो.

जिप्सीचंच इंजिन लोक का निवडतात? ते लांबीत बसवलेलं आहे, आणि जिप्सीचा ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारी पेटी) गिअरबॉक्सपासून वेगळा असतो. त्यामुळे बॉक्स तसाच घेऊन मागच्या चाकांना जोडता येतो. एस्टीमचं इंजिन आडवं आणि पुढच्या चाकांचं, त्याला ही सोय नाही. एमपीएफआयचं (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनचं) १६ व्हॉल्व्ह इंजिन ८० अश्वशक्तीचं, म्हणजे पद्मिनीच्या जवळजवळ दुप्पट.

पण काम इंजिन बसवून संपत नाही. माउंटिंग नवे. स्टीअरिंगची पेटी आणि मॅनिफोल्ड यांची जागा अडते. प्रोपेलर शाफ्ट कापून, जोडून, बॅलन्स करून घ्यायचा. बॅलन्स न केलेला शाफ्ट ७० च्या पुढे गाडी हादरवतो आणि बॉक्सचं मागचं बेअरिंग खातो. हँड गिअर जातो, फरशी कापून लिव्हर मधे येतो, म्हणजे तुम्ही आत्ता जी फरशी वाचवताय तीच कापायची. टाकीत उच्च दाबाचा पंप, परतीची लाइन, ईसीयूची (इंजिनाच्या संगणकाची) पूर्ण वायरिंग, रेडिएटर, स्पीडोमीटर. मागचा अॅक्सल मूळ ताकदीसाठी बनलेला. त्याचे हाफ शाफ्ट आणि क्राउन-पिनियन हा नवा जोर घेत नाहीत, मग अॅक्सलही बदला. अॅक्सल बदलला की पाट्यांच्या बैठका, ब्रेकचे पाइप, हँडब्रेकची वायर. एकेका बदलाच्या शेपटीला तीन बदल लागलेले. तीन लाखांत हे धड होत नाही, आणि अर्धवट राहिलेला स्वॅप कोणी विकतही घेत नाही.

एसीचं तर मूळ इंजिनावर नावच काढू नका. कॉम्प्रेसर तीन-चार अश्वशक्ती खातो आणि कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे बसून मे महिन्यात त्याची हवा अडवतो.

असा स्वॅप योग्य कुठे? जिचे नंबर आधीच जुळत नाहीत, इंजिन-बॉक्स गायब आहेत आणि जी फक्त खासगी जागेत किंवा ट्रॅकवर चालणार आहे अशा बॉडीला. तुमची गाडी त्यातली नाही.

पत्रा_आणि_टाका

जिप्सी_४१३ यांनी अगदी मुद्देसूद लिहिलं. यात एक भर. ‘मूळ’ म्हणजे सगळंच १९८६ चं ठेवायचं असं नाही. जे बदल पाना लावून परत काढता येतात ते बिनधास्त करा. काही कापलं नाही, भोक पाडलं नाही, तर गाडीचं काही बिघडत नाही.

हेडलाइट सात इंची गोल आहेत, एच४ चे ६०/५५ वॅटचे बल्ब बसतात. पण मूळ वायरिंगमध्ये सगळा करंट स्विचमधून जातो. स्विच वितळतो आणि बल्ब पिवळा जळतो. दोन ३० अँपिअरचे रिले, बॅटरीपासून २.५ चौरस मिमीची वायर, प्रत्येकाला फ्यूज. जुना स्विच मग फक्त रिले चालवतो. डायनामो असेल तर अल्टरनेटर घ्या, जुना कट-आउट निघतो, तोही डब्यात जपून ठेवा. पऱ्हाटीत उंदीर असतात, म्हणून डॅशबोर्डमागची वायरिंग हाताने चाचपून बघा. कुरतडलेल्या वायरला टेप गुंडाळू नका, त्या रंगाची नवी ओढा.

टायर १४ इंचीच ठेवा, मूळ ५.२०-१४ च्या जवळच्या व्यासाचे रेडियल. रुंद टायर आणि १५ इंची अलॉय घातले की स्टीअरिंग जड होतं, वळताना मडगार्डच्या कडेला घासतं आणि चाकाचं बेअरिंग लवकर जातं.

सीटबेल्ट नक्की लावा. इथे भोक पाडायला माझी हरकत नाही, हा एकच अपवाद. बोल्ट ७/१६ इंची, मागे तीन मिमी जाडीची ५० बाय ७५ मिमीची पट्टी. नुसत्या पत्र्यात वॉशर लावून आवळलेला बेल्ट धक्क्याला पत्र्यासकट उपटून येतो.

कोरा_कार्ब

ब्रेकवर कोणी लिहिलं नाही, आणि अकरा वर्षं उभ्या गाडीत सगळ्यात आधी मरतात ते ब्रेक. चारही ड्रम काढा. व्हील सिलिंडर आतून गंजून खड्डे पडलेले असतात. त्यात नुसतं नवं रबर किट टाकलं तर चार दिवसांत गळतं. पितळी किंवा स्टीलचा स्लीव्ह बसवून घ्या किंवा नवे सिलिंडर. तिन्ही रबर होज नवे. बाहेरून चांगले दिसले तरी आतून फुगून झडप होतात आणि ब्रेक सुटत नाही. लोखंडी पाइप मागच्या चाकांपर्यंत हाताने चाचपा, क्लिपखाली गंजतो. तेल डॉट ३, नवीन सीलबंद डब्यातलं. ड्रमला कडा पडली असेल तर लेथवर फेस, दोन्ही बाजू सारख्या. नाहीतर गाडी एका बाजूला ओढते.

डिस्कपेक्षा मी एकच बदल सुचवेन. मूळ मास्टर सिलिंडर एकाच लाइनचा आहे, एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो. दोन लाइनींचा मास्टर सिलिंडर बसत असेल तर पुढची आणि मागची लाइन वेगळी करा. घाटात जाणाऱ्या गाडीला ते हवं.

जिप्सी_४१३

पुढे डिस्क करणंही वाईट नाही, प्रीमियरच्याच ११८एनई गाडीला होते.

कोरा_कार्ब

११८एनईचे भाग पद्मिनीच्या स्टबला (पुढचं चाक बसतं त्या दांड्याला) सरळ बसतात असं धरून चालू नका. अडॅप्टर बनवावा लागला तर तो वेल्डिंगचा नसावा, एका अखंड तुकड्यातून मशिनवर काढलेला असावा. स्टीअरिंगच्या भागावर टाका मारायचा नाही.

चोपडेकर८६

घरात ठरलं. इंजिन मूळच. उद्या जळगावला जाऊन बॅकलॉग नोंदीचं विचारतो. तीन लाख कसे वाटायचे आणि रंग कधी काढायचा एवढं सांगा.

पत्रा_आणि_टाका

आरटीओचा आकडा येईल तो आधी बाजूला काढा. उरलेल्यातले चाळीस टक्के पत्रा आणि रंग, पंचवीस इंजिन आणि रेडिएटर, पंधरा ब्रेक, टायर आणि पाटे-बुश, दहा वायरिंग. राहिलेले दहा हात न लावता ठेवा. उजवी पेटी उघडल्यावर आत काय निघतं ते त्यातून भागवायचं.

क्रम: पत्रा, ब्रेक, इंजिन, वायरिंग, तपासणी, मग रंग. बॉडीला आधी एपॉक्सी प्रायमर मारून ठेवा. रंगवायच्या दिवशी ८०० च्या पाणपेपरने घासायचं. एपॉक्सीवर पुट्टी चालते, उघड्या पत्र्यावर पुट्टी नको, खाली गंज धरते. साधा राखाडी प्रायमर पाणी शोषतो, त्यावर पावसाळा काढू नका.

रंग नोव्हेंबर ते फेब्रुवारीत काढा. मे महिन्यात टूके पीयू (हार्डनर मिसळून मारायचा) रंग गनमधून निघून पत्र्यावर पोचेपर्यंत अर्धा वाळतो आणि खरखरीत बसतो. उन्हाळ्यात काढायचाच तर संथ हार्डनर आणि संथ थिनर, पहाटे सहाला सुरुवात. आदल्या रात्री फरशीवर पाणी मारा, धूळ बसते. पावसाळ्यात हवेतल्या ओलीने रंग पांढुरका पडतो. टूकेच्या फवाऱ्याला कापडी रुमाल चालत नाही, कार्ट्रिजचा मास्क लागतो. तो नसलेल्या पेंटरला काम देऊ नका.

रंगाचा नंबर मिळवायला डिकीचं बीडिंग काढा आणि त्याखालचा पत्रा दाखवा. तिथे ऊन लागलेलं नसतं, मूळ छटा तिथे शाबूत सापडते. बोनेटवरून मॅच केलेला रंग दोन छटा फिका निघतो.